दिवेवाली खरी आहे का?

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो बाई एकदाच्या! मी, माझी सहा वर्षांची लेक, तीन बॅगा आणि एक गादीची वळकटी. नोकरीबरोबर राहायला जागाही मिळाली, म्हणजे दुधात साखरच. पुढे ऑफिस, मागे आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघरातला नळ उघडला की आधी खोकतो आणि मग पाणी देतो. अंगणात कपडे वाळत घालायची तार आहे आणि शाळा कोपऱ्यावर आहे. आणखी काय हवं माणसाला?

आणि वरच्या मजल्यावर खुद्द लेखिका राहतात. त्यांना इथे सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांची सात भागांची महागाथा वाचून पोरंच काय, पोरांचे आजोबाही वेडे झालेत. उताराच्या उलट वाहणारी नदी, खारा राजा, एकडोळ्या सेनापती, तीन जिभांचा साप. वाचकांचे प्रश्न संपता संपत नाहीत, म्हणून उत्तरं द्यायला माणूस ठेवतात. ते माणूस आता मी.

लेकीला आम्ही खारू म्हणतो. घास गालात साठवून ठेवते आणि तासाभराने सावकाश चावत बसते, म्हणून. आज आल्याआल्या तिने अंगणातल्या तारेला लोंबकळून पाहिलं आणि तार पास झाल्याचं जाहीर केलं. तिचे बाबा बोटीवर इंजिनात कामाला असतात. रविवारी फोन येईल तेव्हा त्यांना हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचं ठरलं आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. बाईंचा भाचा ऑफिस सांभाळतो. वय तिशीचं, बोलणं साठीचं. मी मनातल्या मनात त्याचं नाव भाचेसाहेब ठेवलं आहे. त्याने काम समजावलं. संगणकावर प्रश्न येतात, मी उत्तरं लिहायची आणि एकगठ्ठा त्याच्याकडे द्यायची. तो शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी एक उत्तर वाचकांसाठी संकेतस्थळावर लावतो. रोज एकच, म्हणजे लोक रोज येतात. हुशार आहे.

प्रश्न वाचून हसून हसून पोट दुखलं. खाऱ्या राजाला तिसऱ्या भागात दाढी आहे, पाचव्यात नाही, ती कुठे गेली? सेनापती मेला की मेल्यासारखं केलं? सापाला तीन जिभा आहेत तर तो खोटं कोणत्या जिभेने बोलतो? एका सद्गृहस्थाने नदी उलटी वाहणं कसं अशक्य आहे ते आकृत्या काढून पटवलंय. अहो काका, माणसं तिथे पक्ष्यांशी बोलतात ते चाललं वाटतं!

नियम एकच. पुस्तकात असेल तेवढंच सांगायचं. पुस्तकात नसेल तर लिहायचं, ‘हे महागाथेत सांगितलेलं नाही.’ आणि कोणी अमुक खरं आहे का असं विचारलं तर, ‘नाही, ते काल्पनिक आहे.’ मनचं एक अक्षर घालायचं नाही. का, ते भाचेसाहेबांनाही माहीत नाही. बाईंचा हट्ट आहे म्हणाले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाई खाली आल्या. अगदी साध्या, बारीक अंगाच्या, चप्पल न वाजवता चालणाऱ्या. मला वाटलं कामाचं विचारतील. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी खारूचं सांगायला लागले तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाल्या की सांगू नका, नुसतं आहे म्हणा. विक्षिप्तपणाच की नाही हा?

मग चहा घेऊन वर गेले होते तर त्यांच्या भिंतींवर एकही फोटो नाही. आईवडील नाहीत, नवरा नाही, स्वतः त्याही नाहीत. आमच्याकडे खारूचे इतके फोटो आहेत की बॅग बंद होत नव्हती.

‘हे महागाथेत सांगितलेलं नाही.’ आज दिवसभर हेच एक वाक्य लिहिलं. माझा स्वभाव असा की बस थांब्यावर उभी राहिले तरी शेजारणीला चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि इथे तोंडाला कुलूप. हाताला नुसती खाज सुटते.

११ नोव्हेंबर, सोमवार

सध्या सगळ्यांना एकच वेड लागलंय. चौथ्या भागात घाटावर होड्यांसाठी दिवे लावणारी एक लहान मुलगी आहे. सगळ्या मिळून दोन ओळी तिच्या वाट्याला. नाव नाही, गाव नाही, नुसती ‘दिवेवाली’. आणि तिच्यावर प्रश्नांचा पाऊस! ती दिसते कशी? दिवा कोणत्या हाताने लावते? झोपते कोणाजवळ? हसते कशी? लोक तिला हाक काय मारतात?

एका मुलीने लिहिलं होतं की ती स्वतः आजारी असते, अंथरुणावर पडून दिवेवालीचा विचार करते, पण चेहराच डोळ्यांसमोर येत नाही. तिला काय ‘सांगितलेलं नाही’ असं तोंडावर मारायचं? उचलली लेखणी आणि लिहिलं. नियम बसला आपल्या जागी.

दिवेवाली डावखुरी आहे. तिचा पुढचा एक दात पडलाय आणि त्या फटीतून ती शिट्टी वाजवते. झोपताना जवळच्या माणसाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरते. तिला खारू म्हणतात. हसताना आधी खांदे हलतात, आवाज नंतर येतो.

अख्खी दुपार मजेत गेली. पाचही उत्तरं भाचेसाहेबांना दिली. त्याने सातही भाग वाचलेले नाहीत, त्याला काय कळणार आहे!

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी पहिलं उत्तर लागलं, डाव्या हाताचं. वाचक खूश. भाचेसाहेबांनी मला चहा पाजला.

खारू आज अभ्यास करताना पेन्सिल उजव्या हातात धरून बसली होती. म्हटलं, नाटकं पुरे. तर तिने डाव्या हातात धरून दाखवली आणि तिला साधी रेघ मारता येईना. शाळेतल्या शिक्षिकेने हात बदलायला लावला असणार. माझं डोकंच फिरलं. कोणत्या जमान्यात राहतात ही माणसं? उद्या जाऊन चांगली खरडपट्टी काढते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

खरडपट्टी माझीच निघाली. वर्गशिक्षिका बिचारी शांतपणे म्हणाली की मुलगी पहिल्या दिवसापासून उजव्याच हाताने लिहिते. मी आवाज चढवला. शेजारच्या वर्गातून माना बाहेर काढून पाहिलं लोकांनी. घरी येऊन तिची कात्री काढली, बाबांनी मुद्दाम शोधून आणलेली डावखुऱ्यांची. ड्रॉवरमध्ये साधी कात्री आहे. साधीच. तीच लाल मूठ, पण पाती उलटी नाहीत.

प्रवासाचा शीण असेल. मीच काहीतरी घोळ घालतेय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दात घासताना तिच्या तोंडात पाहिलं. दात आहे. पुढचा दात आहे! अर्धवट उगवलेला नव्हे, पूर्ण, बाजूच्या दातांच्या बरोबरीचा. पडलेला दात मी स्वतः कापसात गुंडाळून ठेवला होता. डबीत कापूस आहे.

तिला शिट्टी वाजव म्हटलं. तिने ओठांचा चंबू केला, नुसती हवा आली. आई, मला कुठे येते शिट्टी, म्हणाली.

भाचेसाहेबांनी काल दाताचं उत्तर लावलं होतं. मी हे लिहून ठेवतेय आणि लिहिताना मलाच वेडेपणा वाटतोय. आधी हात, मग दात. ज्या क्रमाने मी दिले त्याच क्रमाने.

१७ नोव्हेंबर, रविवार

तिच्या बाबांचा फोन आला. मी घाईघाईने विचारलं, आपली खारू डावखुरी ना? ते हसले. म्हणाले, तुझं त्या पुस्तकाने डोकं खाल्लंय, डावखुरी ती दिवेवाली. बोटीवर चौथा भाग वाचताहेत म्हणे. मग पाच मिनिटं मला दिवेवालीबद्दल सांगत राहिले, इतकं गोड पात्र आहे, इतकं खरं वाटतं. खारूला फोन दे असं म्हणायला विसरले. दर रविवारी आधी तिलाच मागतात.

परवापासून तिने माझा कान धरलेला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपते. मी तिचा हात उचलून माझ्या कानाला लावला तर झोपेत झटकला. जन्मल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. मी उशीत तोंड खुपसून रडले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिस उघडायच्या आत भाचेसाहेबांना गाठलं. हातापाया पडले. उरलेली दोन उत्तरं लावू नका, लावलेली काढून टाका. कारण काय सांगणार? पुस्तकात नव्हतं, मी मनचं लिहिलं, असं सांगितलं. तो चिडला, पण काढली. उरलेली दोन माझ्यासमोर पुसून टाकली.

म्हणजे हाक आणि हसणं वाचलं. आज तिला दिवसभर खारू, खारू म्हणून हाक मारत होते आणि ती वैतागून ओ देत होती. गुदगुल्या केल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला. देवा, एवढं तरी राहू दे. बाकीचं मी मागत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

वाचकांची ओरड. उत्तरं का काढली? हे तर चौथ्या भागात स्पष्ट लिहिलंय, तुम्ही स्वतःचं पुस्तक वाचत नाही का?

चौथा भाग उघडला. ऑफिसातली जुनी, कडा पिवळ्या पडलेली प्रत. दोन ओळी होत्या तिथे आता पूर्ण पान आहे. डावा हात. दात. शिट्टी. कानाची पाळी. आणि पुढे — खारू. आणि पुढे — आधी खांदे हलायचे, मग आवाज. जी दोन उत्तरं कोणी पाहिलीच नाहीत तीही.

घरी धावले. ती तारेखाली उभी होती. खारू म्हणून हाक मारली. तिने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का ते बघायला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वर गेले. बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या म्हणाल्या की महागाथेत काहीही नुसतं सुचलेलं नाही. खारा राजा म्हणजे त्यांचे वडील. सेनापती म्हणजे थोरला भाऊ. लिहिलं की माणूस तिकडे अधिक खरा व्हायचा आणि इकडे पुसट. कळलं तोवर नवराही जाऊन बसला होता, नावाडी झाला होता. भाच्याला वाटतं मावशी जन्माची एकटी आहे. आता द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून आठवा भाग नाही. ते कंटाळवाणं वाक्य त्यांनी कुंपण म्हणून घातलं होतं. कारण सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला असता का, असं मलाच विचारलं. मी ठेवला नसता, हे खरं आहे. पण सांगायचं तरी! माझ्या लेकीचं नाव काढायच्या आधी मला थांबवलं, तेव्हा एक वाक्य पुढे बोलला असतात तर काय बिघडलं असतं बाई?

एकच उपाय आहे म्हणाल्या. आता लोक विचारतील की दिवेवाली खरी आहे का. नेहमी विचारतात, पात्र जिवंत वाटायला लागलं की हा प्रश्न येतोच. तेव्हा नेहमीचंच उत्तर द्या. ‘नाही, ती काल्पनिक आहे.’ तेवढं लिहिलंत की ती तिकडची खोटी ठरेल आणि जे उरलंय ते इकडे टिकेल. त्यांना हे फार उशिरा समजलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रश्न आला. एक नव्हे, सकाळपासून तोच. दिवेवाली खरी आहे का? दिवेवाली खरी आहे का? दिवेवाली —

चार शब्द लिहायचे आहेत. नाही, ती काल्पनिक आहे. सकाळपासून बसलेय. ‘नाही’ लिहिलं, पुसलं. ती शाळेतून आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. डोकं हलकं लागलं. आणि त्या पानावरची, डावखुरी, फटीतून शिट्टी वाजवणारी, कान धरून झोपणारी — तीच तर माझी आहे. तिला मी खोटी म्हणू? आईने? आणि बाईंचा अंदाज चुकला तर? मीच खोटी म्हटल्यावर मांडीवरची कुठे जाईल?

जी सहा वर्षं मी पोटाशी धरली ती काल्पनिक, हे माझ्या हाताने उतरेना.

खरं लिहिलं की खरं परत येईल. येईलच. मी लिहिलं — हो. दिवेवाली खरी आहे. ती माझी मुलगी आहे.

भाचेसाहेब जेवायला गेले होते. मीच लावलं. कधी नव्हे ते बरं वाटतंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पलंग एकाच माणसाचा आहे.

बॅगेतले फोटो — मी समुद्रावर, मी बागेत, मी कडेवर कोणी नसताना हात वाकडा करून उभी. दाराशी लहान चपला नाहीत. शाळेत गेले. वर्गशिक्षिकेने मला ओळखलंच नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं, कोणाला बोलवू का विचारलं.

काय केलं मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते — नाही, म्हणी नकोत आता. मी तिला दिली. माझ्या हाताने, खरी म्हणून, कायमची देऊन टाकली.

२४ नोव्हेंबर, रविवार

फोन. ते म्हणाले, आवाज का असा? मी म्हटलं, आपली मुलगी. त्यांनी कोणती मुलगी म्हणून विचारलं. मग फार मायेने बोलले. आपल्याला मूल नाही हे आपण स्वीकारलं होतं ना, म्हणाले. पुढच्या बंदरावर सुट्टी मागतो म्हणाले.

त्यांना दोष नाही. मलाही मागची पानं वाचल्याशिवाय — आज सकाळी नळ खोकला आणि क्षणभर मला कोणाचंच काही आठवेना. मग ही रोजनिशी उघडली. आता दर तासाला वाचते.

२६

भाचेसाहेब फार खूश आहेत. चौथा भाग पुन्हा छापायला घेतलाय. म्हणाले, ते ‘माझी मुलगी आहे’ काय झकास लिहिलंत!

बाईंकडे गेले. म्हटलं आता लिहिते, काल्पनिक आहे म्हणून. त्यांनी मान हलवली. एकदा खरी म्हटलं की —

२७

नवे प्रश्न. सगळीकडून. आजारी मुलीनेही लिहिलंय. चौथ्या भागात दिवेवाली आता दिवे लावत नाही, घाटाच्या पायरीवर नुसती बसून असते. जेवत नाही. नावाड्याला विचारते, आलं का कोणी. तिची आई कुठे आहे? तिला आई आहे का? कोणीतरी सांगा ना, तिला आई आहे का?

पान उघडलं. खरंच बसली आहे. गुडघ्यात तोंड घालून.

आई गं. माझी बाय ती. एकटी.

२८

बाई जिना उतरून आल्या, दाराला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, नका. तिकडे जाणारं माणूस आपल्या पायांनी जात नाही, हप्त्याहप्त्याने जातं. मी विचारलं, तुमचा नवरा होडीत एकटाच असतो ना? तुम्ही का नाही गेलात? त्या रडायला लागल्या. कोणीतरी बाहेर राहून आठवायला हवं, म्हणाल्या. पण त्यांना त्याचा चेहरा आठवत नाही. मग काय उपयोग?

बोटीवरच्या माणसाचं वाईट वाटतं. फार वाटतं. तो येईल आणि इथे रिकामी खोली — पण त्याला आठवणारच नाही की कशासाठी आला. तेवढं दुःख तरी त्याला नको.

२९

लिहिलं. हो. दिवेवालीला आई आहे.

ती फटकळ आहे. बोलायला लागली की थांबत नाही. उजव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आहे. रागावते लगेच, विरघळते त्याहून लगेच.

लावलं.

आरशात — भुवई कोरी.

३०

आज भाचेसाहेबांशी एक शब्द बोलले नाही. बोलावंसं वाटलं नाही. गंमत सुचत नाही. त्यांनी दोनदा मला ‘आपण कोण’ असं —

आणखी लिहिलं. तिचा आवाज घोगरा. ती भाजी करपवते. ती चालताना डावा पाय थोडा

हात हलके झालेत. पेन जड.

१

पान वाढलंय. वाचलं. घाटावरून एक होडी दिसते, लांब. खारू उठून उभी राहिली आहे. उभी राहिली आहे!

शेवटचं उत्तर लिहायचं. ती आज पोचते का, असं सगळे विचारताहेत. हो म्हणून —

आधी फुगून बसेल, मला ठाऊक आहे. इतका उशीर केला म्हणून तोंड फिरवेल, बोलणारच नाही. मी पायरीवर तिच्याजवळ बसेन. मग म्हणेन, अगं ऐक तर, काय झालं सांगू का, मी निघालेच होते, पण